हुंडणावळीचे राजकारण : प्रस्तावना

इसवी सन १९२७ च्या मार्च महिन्यात, रुपयाची विलायती किंमत १ शिलिंग ४ पेन्स असावी की १ शिलिंग ६ पेन्स असावी या प्रश्नावर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात खडाजंगी चालू असताना, आणि मुंबईच्या पेढ्यांवर व गिरणीमालकांच्या कचेऱ्यांत दुसऱ्या कोणत्याही विषयाला वाव उरलेला नसताना, कुलाबा जिल्ह्यातील महाड या तालुक्याच्या गावी १९ आणि २० तारखांना कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर यांनी परिषदेस जमलेल्या हजारो माणसांसह चवदार तळ्यापर्यंत चालत जाऊन तेथील पाणी ओंजळीने घेतले. पहिल्या घटनेची नोंद अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सापडते, दुसरीची सामाजिक इतिहासाच्या. दोहोंचा उल्लेख एका पानावर करण्याची चाल आपल्याकडे नाही. वस्तुस्थिती अशी की, तळ्याच्या पायऱ्या उतरणारे हे गृहस्थ त्या हुंडणावळीच्या, म्हणजे विनिमयदराच्या, वादातील त्या काळच्या हिंदुस्थानातील मोजक्या अधिकारी पुरुषांपैकी होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशनसंस्थेने छापला होता, आणि हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही चलन आयोगापुढे १९२५ च्या डिसेंबरात त्यांनी साक्षही दिली होती.

जागतिक राजकारण आणि राष्ट्राराष्ट्रांची अर्थनीती यांमुळे पैशाचे बाजार कसे हलतात, हे सांगू पाहणाऱ्या ग्रंथाची प्रस्तावना न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवरून किंवा मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरून सुरू न करता सावित्रीकाठच्या एका बाजारपेठेतून का सुरू केली, याचा खुलासा एवढाच की, बाजाराचे भाव पाहण्याची जी दृष्टी मला सर्वांत उपयोगी वाटत आली आहे ती याच गावाशी निगडित असलेल्या त्या पुरुषाची आहे. भाव चढला की उतरला हे वर्तमानपत्र सांगते. तो का चढला हे अर्थपंडित सांगतात, आणि बहुधा घटना घडून गेल्यानंतर सांगतात. परंतु त्या चढउताराने कोणाच्या पदरात किती पडले आणि ते कोणाच्या पदरचे गेले, हा प्रश्न आंबेडकरांनी ज्या चिकाटीने विचारला त्या चिकाटीने तो फार थोड्यांनी विचारला आहे.

अठरा पेन्सांचा, म्हणजे १ शिलिंग ६ पेन्सांचा, तो वाद किती खोल होता हे समजण्यास थोडा हिशेब करावा लागतो. रुपया १ शिलिंग ४ पेन्सांचा धरला तर एका पौंडाचे बरोबर १५ रुपये होतात. १ शिलिंग ६ पेन्सांचा धरला तर तोच पौंड १३ रुपये ५ आणे ४ पैंना पडतो. म्हणजे परदेशात माल विकून एक पौंड कमावणाऱ्या व्यापाऱ्याच्या हातात नव्या दराने १ रुपया १० आणे ८ पै कमी येणार, आणि विलायती कापडाचा तागा मागवणाऱ्याला तो तेवढ्याच प्रमाणात स्वस्त पडणार. साहजिकच मुंबईचे गिरणीमालक आणि निर्यातदार सोळा पेन्सांच्या बाजूने उभे राहिले. आयोगाचे सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली आणि राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वर्तमानपत्रांनी ती राष्ट्राची बाजू म्हणून उचलून धरली. सरकारची बाजू अठरा पेन्सांची होती, कारण विलायतेत दरसाल भरावयाचा खर्च, म्हणजे निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जावरील व्याज आणि भारतमंत्र्याच्या कचेरीचा खर्च, पौंडांत द्यावा लागे, आणि रुपया जितका महाग तितका तो खर्च रुपयांत कमी भासे. अखेर थोड्याशा मताधिक्याने सरकारची सरशी झाली आणि १ एप्रिल १९२७ पासून अठरा पेन्सांचा दर कायद्याने अमलात आला.

या दोन तटांपैकी एकावर आंबेडकरांना बसवू पाहणाऱ्याची फसगत होते. रुपया स्वस्त केल्याने देशाचा फायदा होतो, या गिरणीमालकी सिद्धान्तावर त्यांचा आक्षेप असा होता की, स्वस्त रुपयाने देशातील भाव वाढतात, मजुरी मात्र भावांच्या मागून रखडत येते, आणि या दोहोंमधील अंतर हाच निर्यातदाराचा नफा असतो. तो बाहेरच्या देशातून आलेला नसून याच देशातील एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेला असतो. हे म्हणत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण असावे याची कल्पना महाडच्या परिषदेतील त्यांच्या भाषणावरून करता येते. महाड आणि दापोली या टापूंत लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती पूर्वी मोठी होती. त्या समाजाची लष्करभरती सरकारने बंद केल्यानंतर त्याची जी अवनती झाली तिचा त्यांनी त्या भाषणात मुद्दाम उल्लेख केला. पेन्शनराचे उत्पन्न रुपयांत ठरलेले. तांदळाचा भाव चढला तर त्याचे पोट आकसणार, आणि त्याची बाजू मांडण्यास कोणतीही व्यापारी सभा पुढे येणार नाही.

रुपयाचा प्रश्न उपस्थित झाला तरी कसा, हा इतिहास कोकणातल्या माणसाने अवश्य वाचावा असा आहे, कारण त्याची सुरुवात कोकणात तर नाहीच, हिंदुस्थानातही नाही. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले. फ्रान्सचा पराभव झाला आणि जेत्या जर्मनीने पाच अब्ज फ्रँकांची खंडणी वसूल केली. तिच्या बळावर जर्मनीने चांदीचे चलन मोडून सोन्याचे चलन सुरू केले आणि निरुपयोगी झालेली आपली चांदी बाजारात ओतली. १८७३ साली अमेरिकेने आपल्या टांकसाळीच्या कायद्यातून चांदीच्या डॉलरला रजा दिली. फ्रान्सच्या पुढाकाराने बांधलेल्या चलनसंघानेही चांदीची नाणी पाडणे प्रथम आवरते घेतले आणि मागाहून बंद केले. नव्या खाणींतून चांदीचा ओघ मात्र वाढतच राहिला. ज्या देशांचे या युद्धाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांतला हिंदुस्थान हा सर्वांत मोठा चांदीच्या नाण्याचा देश होता. त्याचा सुमारे दोन शिलिंगांचा रुपया वीस वर्षांत घसरत घसरत सव्वा शिलिंगावर आला. विलायती खर्चाची तोंडमिळवणी करता करता सरकार मेटाकुटीस आले, आणि १८९३ च्या जूनमध्ये लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या शिफारशीवरून टांकसाळींची दारे जनतेला बंद करण्यात आली. तोवर कोणीही चांदी घेऊन यावे आणि रुपये पाडून न्यावेत असा परिपाठ होता. त्या दिवसापासून रुपये किती पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहिले.

या मर्जीच्या कारभारालाच पुढे सुवर्ण-विनिमय पद्धती हे भारदस्त नाव मिळाले. देशात चांदीचा रुपया आणि कागदी नोट चालवावी, सोने लंडनमध्ये ठेवावे आणि हुंडणावळीचा दर लंडनवरच्या हुंड्या विकून व विकत घेऊन सांभाळावा, अशी ही व्यवस्था. जॉन मेनार्ड केन्स यांनी हिंदुस्थानच्या चलनावरील आपल्या १९१३ सालच्या ग्रंथात तिची मोठी तरफदारी केली. आंबेडकरांनी दहा वर्षांनी तिच्यावर शस्त्र उपसले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हुंडणावळीचा दर स्थिर दिसतो म्हणून चलन स्थिर आहे असे मानणे हा भ्रम होय. रुपयाने बाजारात किती धान्य आणि किती कापड मिळते ही त्याची खरी कसोटी, आणि चलन वाढवण्याचा मुखत्यार अधिकार ज्या सरकारच्या हाती आहे ते सरकार अडचणीत आले की तो अधिकार वापरल्यावाचून राहत नाही. पहिल्या महायुद्धाने याचा पडताळा दिला. लढाईच्या खर्चासाठी नोटा इतक्या छापल्या गेल्या की, १९१८ साली त्या रुपयांत बदलून घेण्यासाठी मुंबईच्या करन्सी ऑफिसवर लोकांची झुंबड उडाली. खजिन्यातील रुपये संपण्याच्या बेतात असताना अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवण्यास परवानगी दिली आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानास विकली, तेव्हा सरकारची अब्रू बचावली.

महाडच्या वाचकाला या ठिकाणी रायगडाची आठवण झाल्यास नवल नाही, आणि थोडे विषयांतर पत्करून ती येथे सांगतो. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन गडावर आला होता. इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे असे त्यांतील एक कलम होते. बाकीच्या बहुतेक कलमांना रुकार मिळाला. या कलमावर उत्तर आले ते असे की, ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके कसाचे व वजनाचे असेल तर त्याला मनाई नाही. परकीय सत्तेशी तह करताना चलनाच्या कलमाकडे इतक्या बारकाईने पाहणारा राजा या गडावर नांदतो आणि त्याच डोंगराच्या पायथ्याच्या मुलखात अडीचशे वर्षांनी रुपयाचा अभ्यासक सत्याग्रह करतो, या योगायोगाला मी योगायोगापेक्षा अधिक किंमत देत नाही. तरी तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अठरा पेन्सांच्या दराचे पुढे काय झाले? विलायती आणि जपानी कापडाच्या स्पर्धेने आधीच गांजलेल्या गिरणीमालकांनी नव्या दराची झीज मजुरांकडून भरून काढण्याचा मार्ग धरला. माणसे कमी, यंत्रे जास्त आणि दरात काटछाट अशी ती योजना होती, आणि तिच्याविरुद्ध १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. गिरणगावातील माणसे मोठ्या संख्येने कोकणातली आणि घाटावरची. त्यांच्या मनीऑर्डरी थांबल्या की महाड आणि पोलादपूरच्या खेड्यांत वाण्याची उधारी चढे आणि खोताचा खंड तुंबे. अठरा पेन्सांमुळेच हा संप झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मालकांच्या कारभारातील बेशिस्त आणि जपानी गिरण्यांची कार्यक्षमता यांचाही वाटा मोठा होता. परंतु दराचा भार मालकाकडून मजुराकडे सरकला यात शंका नाही, आणि मजुरांमध्येही तो सारखा वाटला गेला नाही. तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागतो, त्याने विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य मजुरांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे. संपाच्या मागण्यांत या अन्यायाचाही विचार व्हावा यासाठी आंबेडकरांनी आग्रह धरला. दिल्लीत ठरलेला दर आणि परळच्या गिरणीतला धोटा यांच्यामध्ये इतके दुवे असतात, आणि बाजाराच्या भावांत त्यांतला एकही दिसत नाही.

अठरा पेन्सांचा दर अमलात आल्यानंतर चारच वर्षांनी दुसरा धक्का बसला. अमेरिकेतील १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीपासून सुरू झालेली मंदी युरोपातील पेढ्यांना घेऊन बुडाली आणि २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सोन्याशी असलेला पौंडाचा संबंध तोडला. गोलमेज परिषदेसाठी आंबेडकर आणि गांधी दोघेही त्या वेळी लंडनमध्येच होते. सुटा झालेला रुपया आपल्या बळावर कोठे स्थिरावतो हे पाहण्याची संधी हिंदुस्थानास मिळाली नाही. भारतमंत्र्यांनी तो अठरा पेन्सांच्याच दराने घसरत्या पौंडाला बांधून टाकला. १९२७ च्या कायद्याप्रमाणे सरकारचा सोने खरेदीचा भाव तोळ्यास २१ रुपये ३ आणे १० पै होता. पौंड घसरताच बाजारातला भाव त्याच्या कितीतरी वर गेला. भाताचा भाव कोसळलेला, सारा आणि खंड मात्र पूर्वीइतकाच. अशा वेळी घरातील पाटल्या आणि पुतळ्या सोनाराच्या ताजव्यात जाऊ लागल्या आणि तेथून मुंबईमार्गे लंडनला. या निर्यातीने इंग्लंडच्या गंगाजळीला मोठा आधार मिळाला. सरकारी अहवालांनी तिचे वर्णन लोकांनी साधलेली नफ्याची संधी असे केले. हिंदी अर्थशास्त्रज्ञांनी तिला आपद्‌ग्रस्तांचे सोने म्हटले. ज्याने सोने विकले त्याने ते सारा भरण्यासाठी विकले असेल तर कोणते वर्णन खरे, याचा निवाडा करण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

महाड तालुक्याने या विषयास आणखी एक पुरुष दिला आहे. रायगडच्या वाटेवरील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले आणि १९४४ च्या जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची जी परिषद भरली तिला हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाबरोबर गेले. युद्धानंतरच्या जगाची नाणेव्यवस्था तेथे ठरली : डॉलर सोन्याला बांधलेला, औंसाला ३५ डॉलर, आणि इतर चलने डॉलरला. आपल्या शिष्टमंडळाची मुख्य चिंता निराळी होती. युद्धकाळात ब्रिटनने हिंदुस्थानातून माल उचलला आणि त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा दाखवली. युद्ध संपेपर्यंत ही बाकी सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. पौंडांच्या या साठ्याचा काही भाग तरी इतर चलनांत बदलून मिळावा असा प्रस्ताव आपल्या प्रतिनिधींनी मांडला, आणि हा ब्रिटन व तिच्या सावकारांचा आपसांतला मामला आहे असे सांगून केन्स यांनी तो बाजूस सारला. त्या बाकीमागे बंगालच्या दुष्काळातील भुकेलेली माणसे आणि रेशनच्या रांगा होत्या. तरी ती खर्च करण्यासाठी स्वतंत्र भारताला लंडनशी वर्षावर्षाचे करार करावे लागले.

देशाची गंगाजळी दुसऱ्याच्या तिजोरीत असली की तिच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न त्यामुळे आपल्याकडे नवा नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यावर पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरांची ठेव गोठवली, तेव्हा अनेकांना तो अघटित प्रकार वाटला. त्यानंतर अनेक देशांच्या मध्यवर्ती बँकांनी सोन्याची जी खरेदी आरंभली तिचा परिणाम आज प्रत्येक सराफकट्ट्यावरच्या फलकावर वाचता येतो. १९९१ साली आपणही ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण टाकले होते. इराकने कुवेत गिळंकृत केल्यामुळे महागलेले तेल आणि आखातातून परतलेले भारतीय कामगार हे त्या संकटाचे निमित्त. त्याचे कारण मात्र त्यापूर्वीच्या दशकातील आपल्याच सरकारांची उधळपट्टी होती, हे येथे स्पष्ट लिहितो, कारण आपत्ती नेहमी परदेशातूनच येते असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही.

आता सत्तेचे केंद्र लंडनहून वॉशिंग्टनला गेले आहे आणि बातमी पोचायला आगबोटीची वाट पाहावी लागत नाही. २०१३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी रोखे खरेदीचा ओघ पुढेमागे कमी करण्याचे नुसते सूतोवाच केले. खरेदी एका डॉलरनेही कमी झाली नव्हती, तरी परदेशी भांडवलाने आपल्या रोख्यांतून काढता पाय घेतला आणि डॉलरला पंचावन्नच्या आसपास असलेला रुपया ऑगस्टअखेर अडुसष्टच्या पलीकडे गेला. सरकारने घाईघाईने सोन्यावरील आयातजकात दहा टक्क्यांवर नेली. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या कारखानदाराला अशा वेळी एका हाताने मिळते आणि दुसऱ्या हाताने द्यावे लागते : निर्यातीच्या बिलाचे रुपये वाढतात, पण खनिज तेलावर अवलंबून असलेला कच्चा मालही महागतो. त्याच्यापाशी निदान वायद्याने डॉलर विकून ठेवण्याची सोय असते. वसाहतीत कंत्राटी पाळी करणाऱ्या पोलादपूरच्या तरुणाला एसटीचे भाडे आणि गॅसच्या टाकीची किंमत कोणत्याही वायद्याने बांधून घेता येत नाही.

प्रस्तावना लिहिणाऱ्याने ग्रंथाशी सर्वस्वी सहमत असलेच पाहिजे असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. रुपयावरील प्रबंधाला आंबेडकरांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, तीत सुवर्ण-विनिमय पद्धतीला असलेला शिष्याचा विरोध आपल्याला मान्य नाही असे त्यांनी साफ सांगितले आणि तरीही त्याच्या मांडणीतील ताजेपणाची तारीफ केली. तोच अधिकार मी आंबेडकरांच्या बाबतीत वापरतो. आयोगापुढील साक्षीत आंबेडकरांनी सुचवलेला उपाय असा होता : रुपयाची टांकसाळ जनतेप्रमाणे सरकारलाही कायमची बंद करावी, सोन्याचे नाणे पाडणारी टांकसाळ उघडावी, दोहोंचे प्रमाण कायद्याने ठरवावे, दोन्ही अमर्याद कायदेशीर चलन असावीत, पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याचे बंधन कोणावर असू नये. सरकारच्या लहरीला यापेक्षा कडक वेसण घालता येणार नाही, हे खरे. परंतु १९३१ सारख्या वर्षी, भाव कोसळत असताना आणि सोने देशाबाहेर चालले असताना, पैशाचा पुरवठा अशा रीतीने जखडून ठेवला असता तर कर्जबाजारी कुळाचे हाल वाढलेच असते असे मला वाटते. त्यांचे निदान अचूक होते. औषधाची मात्रा फार जालीम होती.

त्या निदानाची कदर व्हायला मात्र फार काळ लागला. सरकारने आपली तूट हंगामी हुंड्या देऊन रिझर्व्ह बँकेकडून परस्पर भरून घेण्याची जी वहिवाट होती ती १९९७ च्या एप्रिलपासून बंद झाली, आणि २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन व्याजदर ठरवण्याचे काम सहा जणांच्या समितीकडे आले. तिचे तीन सभासद बँकेचे आणि तीन केंद्र सरकारने नेमलेले; महागाई चार टक्क्यांच्या आसपास राखणे, दोन टक्के इकडे किंवा तिकडे, हे तिचे काम. ती महागाई ज्या ग्राहक-निर्देशांकाने मोजायचे ठरले, त्याच्या २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाद्यपेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता. तो भार कमी असावा, कारण व्याजदर वाढवून कांदा स्वस्त होत नाही, असे काही अर्थशास्त्रज्ञ म्हणत आले. कमी केल्यास मजुराच्या घरखर्चाचे प्रतिबिंब त्यातून पुसले जाईल असे दुसरे म्हणत आले. पुढील प्रकरणांत या वादाला बरीच जागा दिली आहे, आणि वाचकाने शेअरबाजाराच्या प्रकरणाकडे धाव घेण्यापूर्वी ती पाने वाचावीत अशी विनंती आहे.